टीनएज मुलांना दयाळूपणा शिकवायचा कसा? वचनं तोंडपाठ आहेत पण वागण्यात येत नाहीत

शब्बाथशाळा_नगर

सलाम सगळ्यांना. मी नगरला आमच्या चर्चच्या शब्बाथ शाळेत मोठ्या मुलांचा वर्ग घेते, आठवी ते बारावी. प्रश्न लांबलचक आहे, पण वाचा आणि मनापासून सांगा, कारण मी खरंच अडकलेय.

आमच्या पोरांचं पाठांतर एक नंबर. गलतीकरांस 5:22-23 विचारा, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा अशी आत्म्याच्या फळाची नऊच्या नऊ नावं एका दमात म्हणतात. इफिसकरांस 4:32 पण पाठ, 'तुम्ही एकमेकांबरोबर उपकारी व कनवाळू व्हा' वगैरे. पाठांतर स्पर्धेत बक्षीस आणतात, पाळक साहेब कौतुक करतात, आईबाप खूश.

आणि आता काय झालंय ते ऐका. शेवगावकडच्या एका खेड्यातून एक कुटुंब इकडे राहायला आलंय, वडलांना इथं काम लागलं म्हणून. त्यांचा मुलगा नववीत. बोलतो गावाकडचं, आलतो, गेलतो, व्हय, असं. यूथच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याला ॲड केलं, तर पहिल्याच आठवड्यात त्याच्या फोटोचे स्टिकर झाले. तेही एकवेळ ठीक म्हणा. पण त्याने त्याच्या आजीसाठी प्रार्थना करा म्हणून एक व्हॉइस मेसेज टाकला होता, आजी आजारी होती, त्या मेसेजला कुणीतरी मागे म्युझिक लावून त्याचा रीमिक्स केला आणि ग्रुपवर फिरवला. वर हसण्याच्या इमोजींची रांग. ज्यांनी इमोजी टाकले ती सगळी माझीच पोरं, ज्यांना 'कनवाळू व्हा' पाठ आहे ती. मुलगा काही न बोलता ग्रुपमधून बाहेर पडला. रविवारी येतो, कारण आई आणते, पण दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसतो आणि प्रार्थना संपली की सगळ्यांच्या आधी बाहेर.

मी दोघातिघांना विचारलं तर उत्तर ठरलेलं, 'ताई मस्करी होती, तो पण हसत होता.' एका पालकांशी बोलले तर ते म्हणाले, या वयात चालतंच.

मला 'चांगलं वागा' असलं लेक्चर द्यायचं नाहीये. ते शाळेत मूल्यशिक्षणाच्या तासाला मिळतंच आणि पालथ्या घड्यावर पाणी जातं. मला हे विश्वासातून यायला हवंय. म्हणजे प्रभूने आपल्याशी जे केलं त्यातून. उपवासकाळ सुरू होतोय, ईस्टरपर्यंतचे रविवार माझ्या हातात आहेत. कुठून सुरुवात करू? आणि त्या मुलाचं काय करू?


पिंपरीची_ताई

सलाम ताई. वाचून पोटात कालवलं. आजीसाठीची प्रार्थना होती हो ती.

मी पिंपरीत यूथचं काम बघते, तेव्हा माझं मत सांगते. तुम्ही म्हणता वचनं पाठ आहेत पण वागण्यात येत नाहीत, मला वाटतं गडबड अशी आहे की आपण मुलांना दयेची आज्ञाच आधी देतो. 'कनवाळू व्हा' हे त्या वचनाचं अर्धंच झालं ना, पुढे लगेच आहे 'जसे देवाने ख्रिस्ताच्या ठायी तुम्हांला क्षमा केली आहे'. आणि पौलाने सुद्धा हे चौथ्या अध्यायात आणलंय, आधीचे तीन अध्याय देवाने तुमच्यासाठी काय केलं यातच गेलेत. आपण मात्र ते तीन अध्याय गाळून मुलांच्या हातात चौथ्याचं शेवटचं वचन देतो आणि स्पर्धा घेतो. ज्या पोराला आपल्यावर कुणी दया केलीय असं कधी वाटलंच नाही, ते दुसऱ्यावर कुठून करणार? 1 योहान 4:19, पहिल्याने त्याने आपणांवर प्रीती केली म्हणून आपण प्रीती करतो. क्रम हाच आहे.

म्हणून मी म्हणेन पहिला रविवार मफीबोशेथ घ्या, 2 शमुवेल 9. आपल्याकडे दावीद म्हटलं की गल्याथ, आणि पोरांना तो लहानपणापासून ऐकून ऐकून कंटाळा आलेला असतो. मफीबोशेथ बहुतेकांनी ऐकलेलाच नसतो. गोष्ट सांगताना घाई करू नका. दाविदाच्या आधीचा राजा शौल, त्याचा नातू, आणि दाविदाचा जिवलग मित्र योनाथान, त्याचा मुलगा. पाच वर्षांचा असताना शौल आणि योनाथान लढाईत पडल्याची बातमी आली, दाई त्याला उचलून पळाली आणि तो पडला, दोन्ही पायांनी अधू झाला. हे 4:4 मध्ये एकाच वचनात आहे, ते आधी वाचा. मग तो लो-दबारात कुणाच्या तरी घरी लपल्यासारखा राहतोय, कारण नवा राजा आला की जुन्या राजाच्या वंशाला मारायचे. आणि एक दिवस राजवाड्यातून बोलावणं. इथे थांबायचं आणि पोरांना विचारायचं, त्याला काय वाटलं असेल? माझ्या ग्रुपमधला एक पोरगा पटकन म्हणाला, 'गेम झाला.' बरोबर आहे, तो पालथा पडूनच राजाला नमन करतो, स्वतःला मेलेलं कुत्रं म्हणतो. आणि दावीद म्हणतो भिऊ नको, तुझ्या बाप योनाथानासाठी मी तुझ्यावर दया करणार, तुझ्या आजोबांची जमीन तुला परत, आणि तू रोज माझ्या पंक्तीला जेवायचं.

मफीबोशेथने काय केलं होतं हे मिळवायला? काही नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी नावाखातर मिळालं. मुलांना एवढं कळलं की मग येशूपर्यंत जायला लांब पडत नाही, ती स्वतःच जातात, आपण फार खेचायची गरज नसते.

त्यानंतर एक कागद द्या. 'मी ज्याची परतफेड करू शकत नाही असं मला कुणी काय दिलं?' नाव घालायचं नाही, वाचून दाखवायचं नाही, घडी करून स्वतःच्या बायबलमध्ये ठेवायचा. बस. शेअरिंग करायला लावलंत की पोरं एकमेकांकडे बघून लिहितात.

दुसरा रविवार रूथ आणि बवाज. पण त्या मुलाचा विषय वर्गात काढू नका एवढं नक्की. बाकीचे सांगतीलच.


एकोणीस_पूर्ण

ताई मी आता कॉलेजला आहे, पण नववी-दहावीत मी तो शेवटच्या बाकावरचा मुलगा होतो, दुसऱ्या शहरातल्या चर्चमध्ये. माझं तोतरेपणावरून चालायचं. म्हणून लिहितोय, नाहीतर मी इथे नुसता वाचतो.

प्लीज त्याला सगळ्यांसमोर उभं करून बाकीच्यांना सॉरी म्हणायला लावू नका. आमच्या लीडरने तेच केलं होतं. त्यांचा हेतू चांगला होता, मला माहितीये. सगळे एका रांगेत येऊन 'सॉरी ब्रो, गॉड ब्लेस यू' करून गेले आणि मी तिथे उभा, मला मागे कुठेतरी पळून जावंसं वाटत होतं. आणि ते म्हणतात ना 'तो पण हसत होता', तर हो, मी पण हसायचो. हसलं नाही तर अजून चिडवतात, म्हणून हसायचो. हे त्या पोरांना कुणीतरी सांगायला पाहिजे, पण माझं किंवा त्याचं नाव न घेता.

मला कशाने फरक पडला सांगतो. बारावीतला एक दादा होता, तबला वाजवायचा आराधनेत. तो एका रविवारी येऊन माझ्या शेजारी बसला. काही बोलला नाही त्या विषयावर. गीतपुस्तक एकच होतं, ते मध्ये धरलं. पुढच्या रविवारी पण आला. नंतर म्हणाला मंजिऱ्या वाजवशील का, हात कमी पडतात. मी बोलताना अडखळलो की तो वाक्य पूर्ण करायचा नाही, थांबायचा. बाकी सगळे वाक्य पूर्ण करून द्यायचे, आणि त्यांना वाटायचं मदत करतोय. तो थांबायचा. मला येशूबद्दल तेव्हा जे कळलं ते प्रवचनातून नाही कळलं, खोटं कशाला बोलू.

त्यामुळे ताई तुमच्या वर्गात असा एखादा मोठा मुलगा बघा. त्याला एकट्याला गाठून सांगा. पंधरा जणांना एकदम दयाळू करायच्या आधी एकाला शेजारी बसायला सांगा.


वसईवाली_आई

मी कॅथलिक आहे, वसईची, आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) वर्गाला शिकवते, त्यामुळे शब्द थोडे वेगळे असतील पण पोरं तीच, मोबाइल तेच!

मला एका वेगळ्याच गोष्टीबद्दल सावध करायचंय. असा प्रसंग झाला की आपण लगेच एखादा उपक्रम काढतो. चला, वृद्धाश्रमात जाऊ, फळं वाटू. पोरं उत्साहाने येतात, केळी-सफरचंदं वाटतात, आजीआजोबांबरोबर सेल्फी काढतात, संध्याकाळी स्टोरी पडते आणि खाली बायबलचं वचन. आणि त्याच रात्री ग्रुपवर कुणाची तरी टर उडवणं चालू. कारण वृद्धाश्रमातल्या आजीशी तासभर गोड वागायला काहीच लागत नाही. त्या परत भेटणार नसतात. आपल्या वर्गातल्या पोराशी नीट वागायला लागतं, कारण तिथे मित्रांमधली जागा जाते. मत्तय 6 मध्ये प्रभू म्हणतो तुझा उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू नये. आमच्या पोरांना हे वचन मोबाइलच्या संदर्भात सांगितलं की एकदम जागी होतात, कारण दोन्ही हातात मोबाइलच असतो.

आम्ही प्रायश्चित्तकाळात एक करतो. आठवडाभर एक गोष्ट गुपचूप करायची, घरात किंवा शाळेत, आणि ती कुणालाही सांगायची नाही, मला सुद्धा नाही. पुढच्या वर्गात मी विचारत नाही कोणी काय केलं. फक्त शांत बसून देवाला सांगायला वेळ देते. सुरुवातीला पोरं अस्वस्थ होतात, कौतुक मिळत नाही ना. एक मुलगी मला म्हणाली, 'मिस, कुणाला कळलंच नाही तर केलं की नाही कसं समजणार?' मी म्हटलं, जो गुप्तपणे पाहतो त्याला समजतं, आणि तू ह्याच प्रश्नावर आठवडाभर विचार कर.

आणि मोठ्या पोरांना फ्रेडरिक ओझानामबद्दल जरूर सांगा, तुम्ही प्रोटेस्टंट असलात तरी. आमच्याकडे गरिबांना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचं काम गावोगावच्या चर्चमध्ये चालतं, लोकांना वाटतं ते निवृत्त काकांचं काम. पण ती सोसायटी पॅरिसमध्ये 1833 ला सुरू झाली तेव्हा ओझानाम वीस वर्षांचा कॉलेजचा विद्यार्थी होता! पोरं धर्मावर वादविवाद करायची, आणि समोरून कुणीतरी टोमणा मारला की तुमच्या चर्चने पूर्वी केलं ते ठीक, आज तुम्ही गरिबांसाठी काय करता? त्याने वादाला उत्तर नाही दिलं, हिवाळ्यासाठीची उरलेली लाकडं मित्राबरोबर एका गरिबाच्या घरी नेऊन दिली. आजही त्या सोसायटीचे लोक दोघादोघांनी घरी जातात, बसतात, बोलतात, मग मदत. नुसतं पाकीट पाठवून देत नाहीत. 1997 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. माझ्या वर्गातल्या पोरांना हा भाग फार आवडतो की त्याचं वय आपल्या दादाएवढं होतं.


बाबा_संभाजीनगर

वरची उत्तरं छान आहेत. मी शिक्षक नाही, दोन टीनएज मुलांचा बाप आहे, तर बापाच्या बाजूने एक.

आपल्या मुलांना आपण शिकवतो की दया 'आपण' करायची 'त्यांच्यावर'. आपण देणारे, बाकीचे घेणारे. चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण असाच शिकवतो, की तू शोमरोनी हो. पण लूक 10 नीट वाचा, येशू ज्याला दाखला सांगतोय तो माणूस धर्मशास्त्र जाणणारा, आणि दाखल्यातले याजक आणि लेवी त्याच्या ओळखीचे, पाठांतर झालेले. रस्त्यात घायाळ पडलेल्या माणसाला ते बगल देऊन गेले. मदत केली ती ज्याच्याशी यहूदी बोलत सुद्धा नव्हते त्याने. म्हणजे आमच्या पोरांनी त्या दाखल्यात आधी स्वतःला रस्त्यात पडलेल्या माणसाच्या जागी ठेवून बघावं.

माझ्या मुलांना मी विचारलं होतं, चर्चच्या बाहेरच्या कुणी आपल्याशी चांगलं केलंय सांगा. मोठ्याला लगेच आठवलं, माझं ऑपरेशन होतं तेव्हा रक्त द्यायला शेजारचे दोघे रात्री घाटी दवाखान्यात येऊन बसले होते, एक मुसलमान, एक मराठा, आणि त्यांच्या घरचा डबा हिला आठवडाभर येत होता. आपली मुलं शाळेत वर्गात दोन-तीनच असतात, बाकी सगळे मित्र दुसऱ्या धर्मांचे. त्यांच्याकडून मिळालेला चांगुलपणा पण देवाकडूनचाच आहे हे मुलांनी मोठ्याने म्हणायला शिकलं पाहिजे. नाहीतर आपण चांगले आणि जग वाईट अशी एक अढी बसते, आणि त्या अढीतूनच गावाकडून आलेल्या पोराला हसणं पण येतं.

अजून एक, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दया म्हणजे कुणाला चर्चमध्ये आणायचं आमिष नाही. मी काही यूथ लीडर्सना असं बोलताना ऐकलंय की मित्राला मदत करा, मग त्याला मीटिंगला बोलवा. मुलांना हिशोब लगेच कळतो, आणि मित्राला त्याहून लवकर. येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं, एकच परत आला, बाकी नऊ जणांचं बरं होणं काढून नाही घेतलं. मित्राच्या घरी अडचण आहे म्हणून जा, संपलं. त्याने उद्या विचारलं की तू असा का वागतोस तर सांग खरं काय ते.


नर्स_मिरज

सगळ्यांचं पटलं, पण एक बाजू राहिलीये असं वाटलं म्हणून लिहिते. मी मिरजेला नर्स आहे आणि चर्चमध्ये मुलींच्या ग्रुपबरोबर बसते.

मुलींना आपण 'दयाळू राहा, क्षमा कर' शिकवतो आणि कुणी त्याचा गैरफायदा घेतो. एक दहावीची मुलगी माझ्याकडे आली होती, चर्चमधलाच एक मुलगा रात्री-अपरात्री मेसेज करायचा, ती उत्तर देत नाही म्हटल्यावर लिहायचा, 'तू ख्रिस्ती ना, मग इतकी रूड का?' ती बिचारी घाबरून उत्तर देत राहिली, की आपण प्रेमळ नाही असं होईल. हे सांगताना ती दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती, वर बघायलाच तयार नाही. मी तिला योहान 18 वाचायला दिलं. मुख्य याजकासमोर शिपाई येशूला चपराक मारतो, तेव्हा येशू गप्प नाही बसत, विचारतो, मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, योग्य बोललो असेन तर मला का मारतोस? शिव्या नाहीत, उलट हात नाही, पण सरळ प्रश्न आहे. तिला म्हटलं ब्लॉक कर, आईला सांग, आणि पाळक साहेबांकडे मी येते तुझ्याबरोबर. गेलो पण.

तर ताई, तुमच्या त्या मुलालाही कुणी जाऊन 'क्षमा कर बाबा, सोडून दे' एवढंच सांगू नका. त्याच्यावर जे झालं ते चुकीचं होतं हे एका मोठ्या माणसाने त्याला सरळ शब्दात सांगायला हवं. आणि तो रीमिक्स ज्यांच्या ज्यांच्या मोबाइलमध्ये आहे त्यांनी तो डिलीट करायला हवा, हे आध्यात्मिक वगैरे नंतर, आधी हे. दयेच्या नावाखाली न्यायाला सुट्टी द्यायची नाही.


निवृत्त_गुरुजी

ताई, आपण नगरच्या, म्हणून मी केडगावची आठवण करून देतो. आपल्या नगरजवळचं केडगाव नव्हे, दौंड तालुक्यातलं, मुक्ती मिशनचं. नगरहून दौंडला जाऊन तिथून पुण्याच्या बाजूला गाडीने थोडंच. मुलांना पंडिता रमाबाई म्हणजे शाळेच्या पुस्तकातला एक फोटो आणि जन्म 1858, मृत्यू 1922 एवढंच माहीत असतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या आयुष्यात अगदी नेमकं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या सिस्टर्सजवळ, म्हणजे तिथल्या अँग्लिकन जोगिणींजवळ राहिल्या. त्या सिस्टर्सनी त्यांना लंडनमध्ये फुलहॅमला आपलं काम बघायला पाठवलं. तिथे समाजाने टाकून दिलेल्या, ज्यांना लोक पतित म्हणत अशा बायकांसाठी आसरा होता. रमाबाईंना धक्का कशाचा बसला? त्या बायकांना सांभाळलं जातंय याचा तर बसलाच, पण तिथल्या काही बायका, ज्या पूर्वी स्वतः आसऱ्याला आल्या होत्या, त्या आता आजारी आणि दुबळ्या लोकांच्या सेवेत आयुष्य घालवत होत्या. ज्यांना दया मिळाली त्याच आता दया करत होत्या. रमाबाईंनी स्वतःच्या साक्षीत लिहिलंय की त्यांनी सिस्टरला विचारलं, तुम्ही लोक अशा बायकांची काळजी का घेता? तेव्हा सिस्टरने काही व्याख्यान दिलं नाही, योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर भर दुपारी एकटी आलेली ती बाई, आणि येशू तिच्याकडेच पाणी मागतो.

पिंपरीच्या ताईंनी जो क्रम सांगितला, आधी मिळालं मग दिलं, तो इथे डोळ्यासमोर दिसतो. आणि पुढे बघा. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील दुष्काळात उपासमारीने गेले, त्या तेव्हा अगदी तरुण होत्या. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा ह्या बाई घरात बसून राहिल्या नाहीत, तिकडे गेल्या आणि निराधार मुली, विधवा घेऊन आल्या. केडगावची मुक्ती त्यातून उभी राहिली. आंधळ्या मुलींसाठीही तिथे सदन काढलं. आणि हे सगळं चालू असताना हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं, खेड्यातल्या बायकांना समजावं म्हणून. ज्या खेडवळ बोलण्याला तुमची मुलं हसली, त्या बोलणाऱ्या माणसांसाठी एका संस्कृत पंडितेने आयुष्याची शेवटची वर्षं घातली. हे मुलांना जरूर सांगा, आणि रागावून नाही, अभिमानाने सांगा.

आणखी एक कटू गोष्ट, पण बोलायला हवी. आपल्या मंडळ्यांमध्ये खेड्यातला-शहरातला, कोण कुठल्या समाजातून ख्रिस्ती झाला, हे अजून बोललं जातं, लग्नं जमवताना तर फारच. मुलं भाषेवरून चिडवतात ती कुठून शिकतात? घरात जेवताना आपण कुणाबद्दल कसं बोलतो तिथून. नगर जिल्ह्यात गावोगाव मंडळ्या उभ्या राहिल्या त्या महार-मांग वाड्यांतल्या माणसांच्या विश्वासावर, आज कॉलनीत राहणाऱ्या आपल्यापैकी किती जणांचे पणजोबा तिथलेच. पाळकांना सांगून पालकांची एक बैठक घ्या. नुसतं मुलांना धरून होणार नाही.


पिंपरीची_ताई

गुरुजी, पालकांच्या बैठकीचं एकदम बरोबर.

ताई, मी रूथचं अर्धवट सोडलं होतं ते पूर्ण करते. रूथ 2, वचनं 15 आणि 16. रूथ परकी, विधवा, भाषा-चालीरीती वेगळ्या, शेतात सरवा, म्हणजे कापणीनंतर रानात राहिलेलं धान्य, वेचतेय. शेताचा मालक बवाज गड्यांना सांगतो, तिला पेंढ्यांमध्येही वेचू द्या, आणि मुद्दाम पेंढ्यांतून काही काढून तिच्यासाठी टाका, तिला धमकावू नका. बघा ना, तो तिला पोतं भरून देऊ शकला असता. पण त्याने असं दिलं की ती मान वर करून, स्वतःच्या कष्टाचं म्हणून घरी नेऊ शकेल. टीनएजर्सबरोबर ह्यावर तासभर बोलता येतं. कॅम्पची फी एकाला परवडत नसेल तर त्याला लाज न वाटता कसं करायचं? गणितात मागे असलेल्या मित्राला वर्गासमोर 'मी शिकवतो याला' न म्हणता कसं शिकवायचं? अशा खऱ्या गोष्टी द्या, त्यांची डोकी फार छान चालतात.

आणि शहरातल्या पोरांना सरवा माहीत नसतो. तुमचा तो मुलगा बहुतेक लहानपणी भुईमुगाच्या नाहीतर बाजरीच्या रानात गेलेला असणार. तो सांगू शकेल. पण आधी त्याला एकट्याला विचारा, त्याची इच्छा असेल तरच.


शब्बाथशाळा_नगर

सगळ्यांचे मनापासून आभार, मध्ये बारावीच्या परीक्षांमुळे लिहायला उशीर झाला.

काय काय झालं सांगते. आधी मी त्या मुलाच्या घरी गेले, नर्स ताईंनी सांगितल्याप्रमाणे त्याला आणि त्याच्या आईला सरळ म्हटलं की जे झालं ते चुकीचं होतं आणि ते मी बघणार आहे. आईला काही माहीतच नव्हतं. तो खाली बघत होता, मग एवढंच म्हणाला की आजी आता बरी आहे. मग मी ज्यांनी ते बनवलं होतं त्या दोघांशी वेगवेगळं बोलले, पालकांना बरोबर घेऊन. एकाने माझ्यासमोर डिलीट केलं आणि बाकीच्यांना पण करायला सांगितलं. दुसरी जी मुलगी आहे तिच्या घरच्यांना राग आला, ती दोन रविवार आली नाही. तिच्याकडे परत जाणार आहे, तिलाही सोडून द्यायचं नाहीये.

अकरावीतला एक मुलगा आता शेवटच्या बाकावर बसतो. एकोणीस_पूर्ण, तुझं लिहिलेलं मी त्याला नाव न सांगता वाचून दाखवलं, तो बराच वेळ गप्प होता मग म्हणाला ओके ताई. तुझे खूप खूप आभार.

मी क्रम बदलला, रूथ आधी घेतलं, कारण त्या मुलाला विचारल्यावर तो सांगायला तयार झाला. त्याने भुईमुगाचा सरवा सांगितला, की काढणी झाल्यावर मातीत राहिलेल्या शेंगा उकरायच्या, ऊन चढायच्या आत जायचं, आणि मालक चांगला असला की तो त्या कोपऱ्याला बैल घालत नाही. 'काही मालक हाकलत्यात बी,' म्हणाला. कुणी हसलं नाही. एका मुलीने विचारलं एका दिवसात किती मिळतात, मग तेच चाललं थोडा वेळ, माझा धडा बाजूलाच राहिला आणि मी राहू दिला. ग्रुपमध्ये तो अजून परत आलेला नाही, आणि मी आग्रह करत नाहीये.

पुढच्या रविवारी मफीबोशेथ. प्रश्न असा की दावीद-योनाथानाची शपथ आधी सांगितल्याशिवाय 'योनाथानासाठी' हे कळणार नाही, आणि 1 शमुवेल 20 फार लांब आहे. तो बाणांचा प्रसंग पण घ्यायचा का?


पिंपरीची_ताई

बाण सोडून द्या ह्या वेळी, त्यातच तास जाईल. 14 ते 17 एवढीच वचनं वाचा, योनाथान म्हणतो माझ्या घराण्यावरून तुझी दया कधी काढून घेऊ नकोस, ते. तिथून सरळ 2 शमुवेल 4:4 वर उडी मारा आणि मग अध्याय 9. अकरावीतल्या मुलाला वाचायला द्या. आणि त्या मुलीच्या घरी जाताना मलाही कळवा, त्या वेळेला मी प्रार्थना करेन.